वाऱ्याची खोली

त्या गल्लीत वारामावशीचं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर माणसं बोट वर करायची. खाली नुसतं इस्त्रीचं दुकान आणि पिठाची गिरणी, त्यात घर म्हणावं असं काही दिसायचंच नाही. वर पाहिलं की लांबलचक गॅलरी, गॅलरीत ओळीने मांडलेल्या खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागे भाडेकरूंच्या खोल्या. अगदी टोकाची खोली मात्र कायम कुलूपबंद. ती वाऱ्याची खोली. मावशी स्वतः खाली, गिरणीच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत राहायची आणि दिवसभर गिरणीच्या आवाजावर आवाज काढून बोलायची. त्यामुळे गिरणी बंद असली तरी तिला हळू बोलता यायचं नाही.

वारामावशी हे नाव तिला उगाच पडलेलं नव्हतं. गॅलरीसमोर एके काळी नजर पोचेल तिथवर भाताची खाचरं होती. वर्षातले बरेच महिने त्यांत पाणी उभं असायचं. सूर्य कलला की त्या पाण्यावरून जो वारा सुटायचा, तो असा गार की उघड्यावर बसलेल्या माणसाने पदर घट्ट ओढून घ्यावा. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा पडदा हलला रे हलला की मावशी हातातली पळी तशीच ठेवून ओरडायची, "आला!" की झालं. वरचे भाडेकरू हातातलं काम टाकून खुर्च्या पकडायचे. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून जिना चढायचा. एखादा पाहुणा असेल तर मावशी त्याला चांगल्यापैकी खुर्ची द्यायची आणि समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पाहुण्याने "वा!" म्हटलं की तिचा चेहरा असा खुलायचा, जणू वारा तिने सकाळपासून खपून स्वतः रांधला होता.

आता खरं सांगायचं तर त्या गॅलरीचा आणि त्या खाचरांचा हिशोब फार वाकडा होता. समोरच्या खाचरांतलं एक या दोघी बहिणींचं. दोघी म्हणजे मावशी आणि तिची थोरली बहीण, ताई. वडील गेल्यावर शेत दोघींच्या नावावर झालं, दोघी आपापल्या संसारात, कसायला तिसराच माणूस. पुढे दोघींचेही नवरे गेले. तेवढ्यात एक बिल्डर गोड बोलत दाराशी आला. ताई म्हणाली, "नको विकू." पण मावशी ज्या गोष्टीच्या मागे लागायची, ती गोष्ट शेवटी दमून हो म्हणायची. "अगं ताई, त्या पैशांत वरचा मजला होईल. टोकाची खोली तुझी. म्हातारपणी दोघी गॅलरीत बसू, वारा खाऊ. शेतात काय, चिखलात उभं राहायचंय का या वयात?" ताईने सही केली. वरचा मजला झाला. म्हणजे शेत विकून मावशीने त्याच शेताचा वारा खायला गॅलरी बांधली. गल्लीत हे प्रत्येकाला दिसत होतं, एकटी मावशी सोडून.

आणि मावशीने विकलं म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? एकामागून एक खाचर गेलं. मुरमाच्या ट्रकांनी गल्लीतली झोप उडवली. बांध फुटले, पाणी बुजलं, वर सिमेंट आलं. बिल्डरने भल्यामोठ्या पाटीवर लिहिलं, "शीतल विहार: हिरव्या भातशेतीवरून येणारा नैसर्गिक गारवा." लोकांनी तो गारवा बघायला येऊन घरं घेतली, आणि शेवटचं घर विकलं गेलं तेव्हा शेवटचं खाचर भरून झालं होतं. काय म्हणावं या अकलेला!

वारा एकदम नाही गेला. आधी उशिरा येऊ लागला, मग अधूनमधून, मग आला तरी कोमट. शेवटी समोरच्या इमारती दिवसभर तापायच्या आणि संध्याकाळी तीच उष्णता गॅलरीवर ओतायच्या. गच्च्यांवरच्या यंत्रांची गरम हवा वर वेगळी. पण मावशी ठरल्या वेळी, पडदा हलो न हलो, ओरडायचीच, "आला!" आणि बिचारे भाडेकरू बाहेर येऊन बसायचे, मानेवरचा घाम पुसत पुसत म्हणायचे, "वा, मावशी." न म्हणून करतात काय? जेवणाचा डबा मावशीच्याच हातचा.

या घरात नवी आलेली नर्सबाई पहिल्या संध्याकाळी "आला!" ऐकून गडबडीने केस बांधत बाहेर आली. "कोण आला?"

"वारा," बँकेतले कारकून हळूच म्हणाले.

"कुठाय?"

"श्श! बसा गुपचूप."

एकट्या भूगोलाच्या सरांना राहवलं नाही. ते शाळेत शिकवायचे आणि घरीही शिकवायचे. एकदा ते म्हणाले, "मावशी, खाचरांतलं पाणी उन्हात वाफ होऊन वर जायचं, जाताना हवेतली उष्णता शोषून न्यायचं. म्हणून वारा गार व्हायचा. आता पाणीच नाही, तर दगडविटा तापतात आणि तापलेल्या राहतात. आपल्याच चार गल्ल्यांचं हवामान बदललंय. म्हणून एवढं उकडतंय."

मावशीने कमरेवर हात ठेवले. "कुणाला उकडतंय?"

"म्हणजे... सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारण माणसाने आपल्या खोलीत उकडून घ्यावं. माझ्या गॅलरीत वारा आहे."

त्या रात्री सरांच्या डब्यातली आमटी मिठावाचून आली. उकडतंय हा शब्द त्या घरातून त्या दिवसापासून हद्दपार झाला. मावशीला राग सरांचा नव्हता. सर बरोबर बोलत होते, त्याचा होता. पण हे ती स्वतःपाशीसुद्धा कबूल करायला तयार नव्हती, कारण कबूल केलं असतं तर ताईला काय सांगणार?

ताई दूर मोठ्या शहरात मुलाकडे असायची. मावशीचा तिला रोज फोन. "आज काय सुटला होता म्हणून सांगू! शाल घ्यावी लागली गं." ताई तिकडून म्हणायची, "मज्जा आहे बाई तुझी." फोन ठेवला की मावशी एकटीच ताटावर बसायची. समोर भिंत. दोन घास खाल्ले की तिसरा उतरायचा नाही. ताईने इथे यावं, समोर ताट घेऊन बसावं, भाजी खारट झाली म्हणून नाक मुरडावं, एवढंच तिला हवं होतं. पण हे कसं मागायचं? मागायची तिला सवयच नव्हती. म्हणून ती वारा दाखवत राहिली.

आणि ऐन उन्हाळ्यात एक दिवस ताईचा फोन आला. "येते गं. इथे मुलगा-सून दिवसभर बाहेर, भिंतींशी बोलून बोलून कंटाळले. आठ दिवस राहून बघते. मला उकाडा सोसत नाही, दम लागतो, तुला माहितीय. पण तुझ्याकडे वारा आहेच. जमलं तर कायमची राहीन."

मावशी घाईघाईने "ये, ये" म्हणाली. तिने फोन ठेवला आणि थेट वर जाऊन तिन्ही भाडेकरूंना गॅलरीत उभं केलं.

"माझी ताई येतेय. तिला वारा लागला पाहिजे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारकून घसा खाकरून म्हणाले, "पण मावशी, वारा आहेच की."

"आहे ना," मावशी म्हणाली. तिने नजर चुकवली. "फक्त जरा जोर कमी पडतोय. ढकलावा लागेल."

मग जे ठरलं ते असं. वाऱ्याच्या खोलीची खिडकी गॅलरीच्या टोकाला उघडायची. तिथे दोरीवर एक मोठी चादर ओली करून वाळत घातल्यासारखी टाकायची. चादरीमागे सरांचा टेबलफॅन. चादर दर थोड्या वेळाने भिजवायची नर्सबाईने, पंखा सांभाळायचा सरांनी, आणि ताईला गॅलरीत येऊ द्यायचं नाही कारकुनांनी. काय कारण सांगायचं? कठडा हलतो. कठडा एवढा भक्कम होता की त्याला बैल बांधावा, पण कारकुनांनी जाऊन तो दोनदा हलवून पाहिला. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असा त्यांचा बाणा.

ताई आली. मावशीपेक्षा उंच, किडकिडीत, आणि जिभेला धार अशी की मावशीच्या तोंडची बडबड तिच्यापुढे एकदम अर्धी व्हायची. मावशीने पडदे पाडून आणलेल्या रिक्षातून उतरून, गॅलरी टाळून मागच्या जिन्याने धापा टाकत ती थेट खोलीत खाटेवर टेकली. मावशीने खालून येताना मुद्दाम खाकरून इशारा दिला आणि ओरडली, "आला!"

पंखा फिरला. चादर फुगली. ताईने डोळे मिटले. "हं. आहे गार."

मावशीला रडूच फुटायचं बाकी राहिलं. त्या दिवशी दोघी समोरासमोर जेवल्या. ताई म्हणाली, "भाजी खारट झालीय," आणि मावशीने आनंदाच्या भरात तिला अजून वाढली.

दुसऱ्या दिवशी ताई खाटेवर पडल्या पडल्या नाकाने हवा हुंगत म्हणाली, "याला वास कसला गं येतोय?"

"खाचरांचा. ओल्या मातीचा."

"खाचरांना साबणाचा वास कधीपासून यायला लागला?"

"हल्ली... खतं बदललीत."

"आणि हा घरघर आवाज?"

"बेडूक," मावशीने ठोकून दिलं. चादरीमागे नर्सबाईने तोंडात पदर कोंबला. ताई काही बोलली नाही. पण ती गप्प बसली की मावशीला जास्त भीती वाटायची. ताई लहानपणीसुद्धा आधी गप्प बसायची आणि मग चिमटा काढायची.

तिसऱ्या संध्याकाळी असा उकाडा होता की इस्त्रीवाल्याने दुपारीच दुकान बंद केलं. मावशी ओरडली, "आला!" पंखा फिरला, चादर फुगली, आणि फट्कन वीज गेली.

वारा थांबला. ताईने एक डोळा उघडला. मावशी दारात उभी. चादरीमागे सरांनी डोकं चालवलं. शाळेतून दुरुस्तीला आणलेला जगाचा नकाशा त्यांच्या खोलीत होता, काठीला गुंडाळलेला, चांगला दाराएवढा. त्यांनी तो उलगडला, दोन्ही हातांनी धरला आणि लागले हलवायला. वारा आला! जरा थांबून थांबून, पण आला. मावशीने सुटकेचा श्वास सोडला. फक्त नकाशावर शाळेतली सगळी धूळ बसलेली होती. पहिल्या झटक्याला ती उडाली, दुसऱ्याला सरांच्या नाकात गेली आणि तिसऱ्याला सर खोकायला लागले. बरं, खोकला दाबावा तर हात गुंतलेले.

ताई शांतपणे म्हणाली, "धाकटे, तुझा वारा खोकतो गं."

ताईने चादरीकडे बोट केलं.

"त्याला म्हणावं आत ये. पाणी पी."

चादर बाजूला झाली. सर पृथ्वी छातीशी धरून उभे होते, घामाने निथळत. "नमस्कार ताई," ते म्हणाले, आणि पुन्हा खोकले.

ताई उठली. कारकून "कठडा, कठडा" करत आडवे आले, तर तिने त्यांना कोपराने असं दूर केलं की ते खुर्चीतच बसले. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोर इमारती. खिडक्या, खिडक्यांखाली यंत्रांचे खोके, गाड्यांची रांग. हिरवं म्हणावं असं एका बाल्कनीतलं प्लास्टिकचं गवत.

"सगळं गेलं?"

"हो," मावशी म्हणाली.

"म्हणजे माझ्या वाट्याचं शेत तू विकायला लावलंस. आणि त्याच शेताचा वारा मला रोज फोनवरून वाढत होतीस."

"सही तू केलीस!"

"तू हात धरून करवलीस!"

"हात नव्हता धरला, पेन दिलं होतं!"

"मी नको म्हणत होते!"

"मग अजून जोरात म्हणायचं होतंस! तुझं ऐकू येतं तरी का कधी!"

असं बरंच झालं. खालच्या गिरणीवाल्यानेही गिरणी बंद केली, ऐकायला बरं पडावं म्हणून. आणि भांडता भांडता मावशीचा आवाज एकाएकी फाटला. ती खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "उकडतंय गं ताई. फार उकडतंय. केव्हाचं उकडतंय."

झालं! बांध फुटावा तसं झालं. "मावशी, मला पाठभर घामोळं आलंय!" नर्सबाई म्हणाली. "मी रात्री बाथरूममध्ये फरशीवर झोपतो," कारकून म्हणाले. ते एवढ्या वर्षांत इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. सर म्हणाले, "मी तर तेव्हाच..." पण मावशीने एवढ्या रडण्यातूनही त्यांच्याकडे असं पाहिलं की ते नकाशा गुंडाळायला लागले.

ताई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "एवढं नाटक कशाला केलंस?"

"तू राहावीस म्हणून. मला एकटीला घास उतरत नाही. वारा नाही म्हटल्यावर तू कशाला येशील?"

"मूर्ख आहेस," ताई म्हणाली. "घास उतरत नाही, असं म्हणाली असतीस तर मी केव्हाच आले असते. तेव्हा मला जिनाही नीट चढता येत होता." ती थोडा वेळ दम खात बसली. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. नर्सबाईने तिची नाडी धरली आणि मावशीकडे बघून मान हलवली. "आता मला इथे नाही राहता येणार गं. या हवेत नाही. मी मरेन इथे, आणि तू त्यालाही वारा लागला म्हणशील."

मावशी रडता रडता हसली, आणि मग नुसती रडली.

"तू चल माझ्याकडे," ताई म्हणाली. "उकाडा सरेपर्यंत. माझ्या खोलीत गार करायचं यंत्र आहे. दुसरी खाट मावते. सून चांगली आहे, फक्त बोलत नाही. तू बोलशील दोघींच्या वाटचं."

"आणि घर? भाडेकरू?"

"आम्ही बघतो!" तिघे एका आवाजात म्हणाले. इतक्या पटकन की मावशीचा अपमानच झाला. तिने बॅग भरताना मुद्दाम प्रत्येक खोलीत जाऊन सांगितलं की ती परत येणार आहे, कुणी फार खूश होऊ नये. वाऱ्याच्या खोलीचं कुलूप तिने हातात घेतलं, पुन्हा ठेवून दिलं. मग सरांना म्हणाली, "तुमचा नकाशा ठेवा तिथे. रिकामी कशाला राहायला हवी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली. तिघांनी सामान चढवलं. गल्ली संपता संपता ताई म्हणाली, "शीतल विहारातून घे रे बाबा. आमचं शेत एकदा बघून जाऊ."

फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "कुणाकडे जायचंय?"

"आमच्याच जागेत," ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने फाटक उघडलं.

आत सगळे रस्ते सारखे. इमारती सारख्या. मावशी रिक्षातून अर्धी बाहेर वाकली. "हे बघ, इथेच. ही गाड्या लावायची जागा आहे ना, हेच आपलं."

"छे! आपल्याला उतार होता. पाणी वरून आपल्यात यायचं. ते पलीकडचं असणार, टाकी आहे तिथे."

"टाकीपाशी मुकादमांचं होतं."

"मुकादमांचं डावीकडे. आपल्या बांधावरून घर दिसायचं."

दोघींनी वळून पाहिलं. घर दिसत नव्हतं. मध्ये इमारत होती.

"पुढे घे," मावशी म्हणाली. रिक्षा पुढे गेली. "इथे असेल." तिथेही तसंच. "डावीकडे घे." डावीकडे गेली, फिरून पुन्हा त्याच टाकीपाशी आली. याच मातीत दोघी लहानपणी गुडघाभर पाण्यात वाकून रोपं लावायच्या. डोळे मिटून सुद्धा आपलं खाचर ओळखायच्या, पायाला लागणाऱ्या चिखलावरून. मावशी खाली उतरली. चार पावलं इकडे गेली, चार तिकडे. इतकी वर्षं ती रोज वरच्या गॅलरीतून इकडेच तोंड करून बसत होती. तिने विकलेली जागा, तिच्या हाताने. सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर ती नुसती उभी राहिली.

"सापडलं का मावशी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"ताई," मावशी म्हणाली. गिरणीवर आवाज काढणारी बाई, पण आता तिचं बोलणं रिक्षापर्यंत जेमतेम पोचलं. "मला नाही गं सापडत."

ताई आत सरकली आणि तिच्यासाठी जागा केली. "चल, बस," ती म्हणाली. "फरशी तापलीय. पाय भाजतील तुझे."